इमेज आहे, पण रिस्टोअर केली का?

होस्टेलमध्ये कोणाचंही मशीन बिघडलं की पहिला सल्ला ठरलेला असतो, "फॉरमॅट मार!" जरा जाणकार असतात ते म्हणतात, "इमेज आहे ना? मग काय टेन्शन!" माझा वाद या दुसऱ्या वाक्याशी आहे. असं म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ती इमेज एकदा तरी परत डिस्कवर उतरवून बघितली आहे? माझं स्पष्ट मत असं की, जी कधी रिस्टोअर करून पाहिलेली नाही तिला बॅकअप म्हणूच नये. आणि फायनल इयरच्या ग्रुपना तर रिस्टोअर करून दाखवल्याशिवाय प्रोजेक्टच्या दुसऱ्या रिव्ह्यूला बसू देऊ नये. (शिव्या नंतर घाला, आधी पूर्ण वाचा.)

ज्युनिअर्ससाठी थोडक्यात. फाइल्स कॉपी करणं वेगळं आणि इमेज घेणं वेगळं. इमेजमध्ये अख्खं पार्टिशन जसंच्या तसं एका फाइलमध्ये बांधलं जातं. विंडोज, ड्रायव्हर्स, इन्स्टॉल केलेली सॉफ्टवेअर्स, सेटिंग्ज, सगळं! चांगलं सॉफ्टवेअर फक्त वापरलेले ब्लॉक्स उचलतं, म्हणून ५०० जीबीच्या पार्टिशनमध्ये ८० जीबी भरलेलं असेल तर इमेज त्याहूनही लहान होऊ शकते. आपल्या आधीच्या पिढीत हे काम नॉर्टन घोस्ट करायचं. ते २०१३ मध्ये बंद झालं, पण भूत काही उतरलं नाही, कारण लॅबमधले जुने लोक अजूनही या कामाला 'घोस्ट मारणं' असंच म्हणतात. आता फुकट आणि भरवशाचं म्हणजे तैवानमध्ये तयार झालेलं क्लोनझिला. पेनड्राइव्हवरून बूट होतं, दिसायला अगदीच साधं आहे, पण काम चोख.

मग अडतं कुठे? बहुतेक वेळा इमेज घेतानाच. अनेक जण फक्त सी ड्राइव्हची इमेज घेतात. त्याच डिस्कवर परत टाकायची असेल तर चालून जातं. पण डिस्कच मेली आणि नवी कोरी आणली, तर बूट करणारं छोटं ईएफआय पार्टिशन त्या इमेजमध्ये नसतंच! सगळा डेटा जागेवर, आणि मशीन मात्र उठत नाही. दुसरं म्हणजे, क्लोनझिला साधारणपणे नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी मागतं, मग लहान एसएसडी विकत घेऊन आलेला माणूस डोक्याला हात लावून बसतो. तिसरं बिटलॉकर. नव्या लॅपटॉप्सवर ते बऱ्याचदा आपण न सांगताच चालू असतं. कुलूप असलेल्या पार्टिशनमध्ये रिकामी जागा कोणती हे क्लोनझिलाला कळत नाही, म्हणून ते सगळंच्या सगळं उचलतं आणि इमेज फुगते. वर रिस्टोअरनंतर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती कुठे आहे? त्याच लॅपटॉपमधल्या टेक्स्ट फाइलमध्ये! आणि काहींची तर इमेजच त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर पडलेली असते. म्हणजे घराच्या किल्ल्या घरातच ठेवून दार ओढून घेण्यासारखं.

यातली एकही गोष्ट इमेज घेताना एररमध्ये दिसत नाही. सॉफ्टवेअर शेवटी छान 'सक्सेसफुल' दाखवतं. क्लोनझिला इमेज तपासतंही, पण त्यावरून फाइल वाचता येते एवढंच कळतं. मशीन उठेल का, हे उठवल्याशिवाय कळत नाही.

हे फक्त आपल्यासारख्या पोरांचं होतं असंही नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपचे पाच मार्ग कागदावर होते, पण वेळेला एकही धड उपयोगी पडला नाही. रोजचा डेटाबेस बॅकअप व्हर्जनच्या घोळामुळे फेल होत होता आणि तो फेल झाल्याच्या मेल्सही मध्येच अडकत होत्या! योगायोगाने सहा तासांपूर्वी कोणीतरी हाताने घेतलेली कॉपी सापडली म्हणून निभावलं. तरी ते सहा तास गेलेच.

आता तुम्ही म्हणाल, आमचा कोड गिटहबवर आहे. उत्तम! तो तिथेच हवा, कारण इमेज तुम्हाला ती घेतली त्या दिवसाकडे परत नेते, नंतरचं काम त्यात नसतं. पण विशिष्ट व्हर्जनचा कंपायलर, बोर्डचे ड्रायव्हर्स, दोन दिवस खपून लायसन्ससकट बसवलेलं सिम्युलेशन सॉफ्टवेअर, हे रिपॉझिटरीत नसतं. रिव्ह्यूच्या आदल्या रात्री ते पुन्हा बसवायला घेणं म्हणजे काय, हे सिनिअर्सना विचारा. त्यात एसएसडीवर डिलीट झालेलं परत मिळेल ही आशाही फारशी नको, कारण ट्रिममुळे मोकळे झालेले ब्लॉक्स ती स्वतःच साफ करून टाकते. जुन्या हार्ड डिस्कवर निदान रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून बघता यायचं.

म्हणून सर आणि मॅडमना माझी विनंती आहे. प्रत्येक डिपार्टमेंटने लॅबच्या कपाटात एक-दोन जास्तीच्या एसएसडी ठेवाव्यात, नोंदवहीत सही करून ग्रुपला द्याव्यात. ग्रुपने आपल्या मुख्य मशीनची पूर्ण डिस्कची इमेज त्यावर उतरवायची आणि त्यावरून प्रोजेक्ट चालवून दाखवायचा. डिस्क उतरायला लागणारा वेळ आदल्या दिवशी, दाखवायला दहा मिनिटं. "सिलॅबसमध्ये नाही" हे उत्तर मला मान्य नाही. ओरलला फाइल सिस्टीम विचारता, मग ही तिचीच प्रॅक्टिकल. शिकवायला बाहेरचं कोणी नको. आपले लॅब असिस्टंट एका इमेजवरून अख्खी लॅब उभी करतात, त्यांच्याइतका सराव कोणाला असणार? त्यांना एक तास द्या आणि त्या तासाचं मानधनही द्या.

तोवर ज्यांना घरच्या घरी करून बघायचं आहे त्यांनी एवढं करा. रिस्टोअर करताना आपली मूळ डिस्क मशीनमधून काढून ठेवा. क्लोनझिलात डिस्क 'एसडीए', 'एसडीबी' अशा नावांनी दिसतात, ती नावं दर बूटला तीच राहतील याचा भरवसा नाही, आणि ज्या डिस्कवर बोट ठेवाल ती पुसली जाते. काढता येत नसेल तर निदान साइज आणि मॉडेल नंबर कागदावर लिहून घ्या, आणि 'वाय' दाबायच्या आधी रूममेटला मोठ्याने वाचायला सांगा.