जुनी दौत जरूर ठेवा, पोथीचं पान नको



गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत एक नवी जागा तयार झाली आहे, ती म्हणजे बाईचं स्वतःचं लिहायचं टेबल. कुणाची सून घरून नोकरी करते, कुणी शिकवण्या घेते, कुणी पाठशाळेचे वर्ग ऑनलाइन चालवते. आपल्या आज्यांच्या वाट्याला देवघर आलं, स्वयंपाकघर आलं. लिहायची गादी मात्र पुरुषांच्या पेढीवर असायची. म्हणून हे टेबल सुंदर दिसावं असं कुणाला वाटलं तर त्यात मला काहीच वावगं वाटत नाही.

सध्या त्यावर जुन्या वस्तू मांडायची हौस आहे. पितळी दौत, टाक, चावीचं घड्याळ, लाकडी पेटी. ‘अँटिक’ आणि ‘विंटेज’ हे शब्द आता भाजीच्या पिशवीइतके सहज झालेत. हौस चांगलीच आहे. माझं म्हणणं एवढंच की वस्तू जुनी झाली म्हणून ती आपोआप निर्दोष होत नाही. ती कशाची बनली, कुठून आली आणि आपल्या कोणत्या कामाची, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. तिचं वय नंतर.

पहिली सूचना साधी आहे. मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार गाठण्याआधी आपला माळा बघा. ज्यांच्या घरी दुकान किंवा पेढी होती, त्यांच्याकडे जुनी वजनं हमखास निघतात. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि शेर, अच्छेर, पावशेर हळूहळू बाद झाले. तो पावशेर कागदांवर ठेवा, पंख्याखाली एक कागद हलणार नाही. दौतीत टाचण्या राहतात. करंड्यात क्लिपा राहतात. चोपड्यांच्या लाकडी पेटीत चार्जर आणि वायरी जातात, टेबल मोकळं होतं. १९३१ साली दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या कॅम्लिनच्या शाईची एखादी जुनी बाटली सापडली, तर तिच्यात तुळशीची काडी छान दिसते. या वस्तूंना पैसे पडत नाहीत, आणि त्या कुणाच्या हे आपल्याला ठाऊक असतं. बाजारातल्या दौतीला किंमत असते. आजेसासऱ्यांच्या दौतीला माणूस असतो.

अशा पितळेला दर आठवड्याला चिंच लावू नका. स्वयंपाकाच्या भांड्यांची गोष्ट वेगळी. नक्षीच्या जुन्या वस्तूला साबणाचं कोमट पाणी आणि लगेच कोरडं फडकं पुरतं. तिच्यावरची तपकिरी झाक म्हणजे मळ नव्हे. ती घासून काढली की वस्तू नवी दिसते आणि नक्षीही झिजते.

आता ‘कशाची बनली’ हा प्रश्न. जुन्या टेबलसामानात हस्तिदंताची कागद कापायची सुरी, कासवाच्या पाठीची डबी, कातड्याचं टीपकागदाचं पॅड या वस्तू नेहमी दिसतात. “तो हत्ती शंभर वर्षांपूर्वीच गेला, आता घेतलं तर काय बिघडलं?” हा प्रश्न मला आपल्याच बायकांनी विचारला आहे. बिघडतं ते असं. आपण हिंसेचा विचार कृत, कारित आणि अनुमोदना अशा तिन्ही अंगांनी करतो. हत्ती आपण मारला नाही, मारवला नाही, हे खरं. पण ती सुरी कौतुकाने टेबलावर मांडली आणि चार मैत्रिणींनी “किती सुंदर!” म्हटलं, की अनुमोदना झाली, वर नव्या गिऱ्हाइकाची इच्छाही जागी झाली. कायदाही इथे आपल्याच बाजूचा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंताच्या व्यापारालाही बंदी आहे. तेव्हा विक्रेता “जुना आहे, चालतो” म्हणाला तरी चालत नाही. वारशाने घरात असं काही आलं असेल तर ते परस्पर विकू नका, वन विभागाकडे रीतसर चौकशी करा.

जुनं लाकडी मेज घेतानाही दोन गोष्टी बघा. लाकडाला बारीक भोकं आहेत का आणि खाली ताजा भुसा पडतोय का, हे उजेडात तपासा. कीड लागलेलं मेज घरी आणलं की पुढे औषध मारण्याचा प्रसंग येतो. तो दुकानातच टाळलेला बरा. दुसरं म्हणजे पॉलिश. फ्रेंच पॉलिश लाखेपासून होतं आणि लाख किड्यांपासून मिळते. पॉलिशवाल्याला जवसाचं तेल लावायला सांगा. चकाकी थोडी कमी येते, पण लाकूड छान उठून दिसतं.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, ती. माझ्या नणंदेच्या सुनेने मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. हस्तलिखित पोथीचं एक सुटं पान, काचेच्या चौकटीत, ‘टेबलासाठी विंटेज सजावट’ म्हणून विकायला. “मामी, आपलीच लिपी आहे ना? टेबलावर किती शोभेल!” तिच्या मनात भक्तीच होती. मी तिला विचारलं, “अगं, या पानाच्या आधीचं पान कुठे असेल?”

सुटं पान विकलं जातं तेव्हा अनेकदा कुणीतरी एक ग्रंथ उसवलेला असतो. आपल्या कल्पसूत्राच्या चित्रित प्रतींची पानं अशीच पांगून जगभरच्या संग्रहांत गेली. याउलट कारंज्याच्या भांडारांनी पोथ्या अख्ख्या जपल्या, म्हणून डॉ. हिरालाल जैन यांना तिथले अपभ्रंश ग्रंथ उजेडात आणता आले. श्रुतपंचमीला आपण जिनवाणी बाहेर काढतो, नवं वेष्टन घालतो, वेखंडाची पुरचुंडी ठेवतो. तीच जिनवाणी चहाच्या कपाशेजारी शोभेला ठेवणं हा अविनय आहे. पुरावस्तू कायद्यातही इतर वस्तूंना १०० वर्षांची अट आहे, पण मोलाच्या हस्तलिखितांना ७५ वर्षांचीच. परवान्याशिवाय त्यांचा धंदा करता येत नाही. घरात जुनी पोथी असेल तर ती मंदिराच्या भांडाराला किंवा संशोधन संस्थेला दाखवा. टेबलावर अक्षरं हवीतच असतील तर स्वतःच्या हाताने लिहून लावा. जुन्या मूर्तीलाही हेच लागू. तिची जागा टेबल नव्हे.

कुणी म्हणेल, इतका विचार केला तर हौस उरते कुठे? मला वाटतं, उलट तेव्हाच ती टिकते. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूच्या संख्येवरून नव्हे, तिच्यावरच्या ममत्वावरून करून दिली आहे. टेबलाचंही परिमाण ठरवता येतं. मी तीनच वस्तूंची मर्यादा घातली आहे: एक दौत, एक वजन, एक पेटी. तिघीही रोज कामाला असतात. चौथी आवडली तर तिघींतली एक कुणाला तरी द्यायची. धूळ पुसायला दोन मिनिटं लागतात आणि लिहायला जागा राहते. शेवटी टेबल त्यासाठीच आहे.

एक काम मात्र या आठवड्यात कराच. घरातल्या थोरांना विचारून प्रत्येक जुन्या वस्तूची चार ओळींची चिठ्ठी लिहा: कुणाची, कुठली, काय कामाची होती. ती चिठ्ठी त्याच वस्तूत ठेवा. उद्या लेकीने किंवा सुनेने ती उघडली, तर भंगारवाल्याला देण्याआधी ती निदान एकदा वाचेल.

जय जिनेंद्र!