शेंडेनक्षत्राचे भय

शेंडेनक्षत्र उगवले की राजावर अरिष्ट येते, ही समजूत फार जुनी. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आकाशी असताना सातवे एडवर्ड बादशहा वारले, तेव्हा तीस जणू पुरावाच मिळाला. परंतु जो पाहुणा गणिताप्रमाणे १९८६ साली परतला व २०६१ साली पुन्हा यावयाचा आहे, त्यास मृत्यूचा दूत कसे म्हणावे? त्याचे पुच्छ सूर्याच्या विरुद्ध दिशेस वळलेले असते. कोणावर उगारलेले नसते. आपला प्रांत ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथेच वाढलेल्या वेणू बाप्पूंनी १९४९ साली हार्वर्ड येथे नवा धूमकेतू शोधला. तेव्हा पुढील धूमकेतू दिसेल त्या रात्री डोंगरकड्याच्या पालकांनी अंगणातील दिवे मालवून मुलांस आकाश दाखवावे. भिण्याचे शिक्षण त्यांस पुरे झाले, असे आमचे मत आहे.