ऑपरेशन योजनेत झालं, पुढच्या महिन्यांचं काय?

वयस्कर माणूस वुजू करताना ओल्या फरशीवर घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. आपल्या मोहल्ल्यांत हे आता नवं राहिलेलं नाही. ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजना 70 वर्षांवरील सगळ्यांना उत्पन्नाची अट न ठेवता लागू झाली. वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. या निर्णयाचं आम्ही स्वागतच करतो.

पण खरी अडचण डिस्चार्जनंतर सुरू होते. योजनेत घरी गेल्यानंतरच्या 15 दिवसांपर्यंतचाच खर्च धरला जातो. म्हाताऱ्या माणसाला पुन्हा नीट चालायला मात्र कित्येक महिने लागतात. फिजिओथेरपी, वॉकर, कमोडची खुर्ची हे सगळं घरच्यांच्या खिशातून. त्यात लिफ्ट नसलेला तिसरा मजला आणि बैठं शौचालय असेल तर पेशंट खाटेलाच खिळतो. मग पाठीला जखमा, न्यूमोनिया, पायात रक्ताची गुठळी. ऑपरेशन चांगलं होऊनही माणूस हातचा जातो, तो असा.

म्हणून डिस्चार्जचा कागद घेण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे: पायावर भार कधी द्यायचा? व्यायाम कोणते? रक्त पातळ करणारं औषध किती दिवस? हाडं ठिसूळ झाल्याची तपासणी केली का? नमाज खुर्चीवर बसून अदा करायची तर किती दिवस? शरीअतने आजाऱ्याला सवलत दिली आहे, ती घेण्यात कमीपणा कसला?

सेवेचा सगळा भार सुनेवर टाकून मुलांनी मोकळं व्हायचं, हेही बरोबर नाही. आईवडिलांच्या म्हातारपणाची जबाबदारी कुरआनने औलादीवर टाकली आहे. 2007 च्या कायद्यानेही मुलांना ती टाळता येत नाही.

समाज म्हणून आपण काय करू शकतो? मशीद कमिट्यांनी सदक्याच्या पैशातून वॉकर, व्हीलचेअर, कमोडच्या खुर्च्या घेऊन ठेवाव्यात. गरज संपली की पुढच्या घरी द्याव्यात. जकातीत गरजूला रकमेचा मालक करावं लागतं, त्यामुळे ती गरीब पेशंटच्या हातात फिजिओथेरपीसाठी देता येईल. वुजूखान्यात घसरण न होणारी फरशी आणि धरायला दांडी बसवणं तर आजच शक्य आहे.

सरकारकडे आमची मागणी एकच: 15 दिवसांची मर्यादा वाढवा आणि घरपोच फिजिओथेरपी योजनेत आणा. हाड जोडलं, पण माणूस उभाच राहिला नाही, तर त्या 5 लाखांचा उपयोग काय?