भिंत पाडायच्या आधी आईला विचारा

जुनं घर 'करून घ्यायचं' ठरलं की हल्ली पहिला घण कुठे पडतो? स्वयंपाकघर आणि माजघर यांच्या मधल्या भिंतीवर. ओपन किचन पाहिजे! मध्ये आयलंड, त्याला उंच स्टूलं, पलीकडे सहा जणांचं डायनिंग टेबल आणि वर तीन लोंबते दिवे. थ्रीडी चित्रात हे सगळं फार गोड दिसतं. त्या चित्रात ओट्यावर एक लिंबाची टोपली असते, बास. कुकर नाही, परात नाही, पाण्याचं पिंप नाही, आणि मुख्य म्हणजे स्वयंपाक करणारं माणूस नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या घरातली ही भिंत पाडणं हा बहुतेक वेळा चुकीचा निर्णय असतो, आणि तो चुकतो कारण तो न रांधणारे लोक घेतात. तावातावाने लिहितोय खरं, पण आमच्याच घरात सध्या हा वाद चालू आहे, त्यामुळे समजून घ्या :)

आमचं सांगलीचं घर १९७१ चं. स्वयंपाकघर १२ फूट बाय ८ फूट, माजघर ११ बाय १०. कॉलम वगैरे भानगड नाही. नऊ इंची विटांच्या भिंती आणि त्यांच्यावर टेकलेला स्लॅब. आता ज्या भिंतीवर वरच्या खोलीची भिंत उभी आहे ती काय 'पार्टिशन' असते का? ती काढायची तर आधी धिरे लावून स्लॅब तोलायचा, मग लोखंडी गर्डर किंवा काँक्रीटचा बीम घालायचा, त्या बीमच्या दोन टोकांवर येणारं वजन खालच्या विटांना आणि पायाला झेपतं का ते स्ट्रक्चरल इंजिनियरने कागदावर काढायचं. आमच्याकडे आलेल्या इंटिरियरवाल्यांच्या कोटेशनमध्ये यासाठी एकच ओळ होती: 'वॉल डिमॉलिशन'. टाइल्सला मात्र दोन पानं!

आमच्या धंद्यात याला एक ओळखीचा प्रकार आहे. पंधरा वर्षं चालणारा जुना कोड एखाद्या नवीन पोराला दिला की तो म्हणतो, हे सगळं काढून पुन्हा लिहू. त्या कोडमधली विचित्र दिसणारी एकेक ओळ कुठल्या तरी जुन्या अडचणीमुळे तिथे आलेली असते हे त्याला प्रॉडक्शन बंद पडल्यावर कळतं. घराचंही तेच. मोरी 'गावठी' दिसते म्हणून काढा म्हणे. अहो, पण अठरा इंची परात सिंकमध्ये मावते का? पंचवीस माणसांच्या श्रावणीची पातेली कुठे घासायची? पाणी सकाळी ठरावीक वेळ येतं, तेव्हा भरायचं पिंप कुठे ठेवायचं? आईने हा शेवटचा प्रश्न त्यांना विचारला तर ते म्हणाले, "काकू, ते पिंप तेवढं बाहेर ठेवू ना आपण." बाहेर म्हणजे नेमकं कुठे, हे ड्रॉइंगमध्ये नाही.

आता जरा हिशोब करू, कारण चित्राला मोजपट्टी लावल्याशिवाय हा विषय सुटत नाही. पाच बाय तीनचं टेबल घेतलं आणि खुर्ची मागे ओढून माणूस उठायला, मागून दुसऱ्याला जायला चारी बाजूंनी तीन तीन फूट सोडले तर जागा लागते ११ बाय ९. माजघर ११ बाय १०. म्हणजे उरला एक फूट! माजघराला तीन दारं आहेत. देवघरात जायचं ते टेबलावरून उडी मारून का? सिंक आयलंडवर न्यायचं तर सांडपाण्याचा पाइप साधारण १२ फूट लांब पडतो. चाळीसला एक असा उतार धरला तर त्या अंतरात साडेतीन इंच उतार हवा. तळमजल्यावर फरशी उकरून तो मिळेल. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मात्र एक तर स्वतःची जमीन उचला, नाहीतर खालच्यांच्या डोक्यावरून पाइप न्या आणि मग सोसायटीच्या मीटिंगला तयार राहा.

आणि फोडणी? मिरचीचा ठेचा परतला की तो कोणाला विचारून पसरत नाही. चिमणी लावू म्हणतात. ठीक आहे, पण धूर खरंच बाहेर टाकायचा तर डक्ट बाहेर गेला पाहिजे आणि तो जितका लांब आणि जितका वाकडातिकडा, तितकी ओढ कमी. घराच्या मधोमध शेगडी आणली की डक्ट लांबच होणार. बिनडक्टची चिमणी हवा गाळून परत घरातच सोडते, वाफ आणि उष्णता तिथेच. शिवाय पंख्याचं काय? जेवणाऱ्यांना पंखा पाहिजे आणि गॅसला पंखा चालत नाही, ज्योत फडफडते. मधली भिंत आज हे भांडण शांतपणे मिटवते. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत पंखा बंद ठेवून जेवून दाखवा, मग बोलू.

"पण परदेशात सगळीकडे असंच असतं" हाही एक मुद्दा येतो. परदेशातल्यांनी यावर पुष्कळ डोकं चालवलंय हे खरं. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी फ्रँकफर्टच्या सरकारी वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं. आगगाडीच्या डायनिंग कारमधलं छोटं किचन त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. कामं कोणत्या क्रमाने होतात, किती पावलं पडतात याचा विचार करून त्यांनी एकेक खण ठरवला. अशी जवळपास दहा हजार किचन्स बसवली गेली. गंमत म्हणजे आजच्या मॉड्युलर किचनची ही आजी, आणि ती बंद खोली होती, जेवणाच्या खोलीला जोडणारं सरकतं दार असलेली! पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून 'वर्क ट्रँगल' आला: शेगडी, सिंक आणि फ्रीज यांच्यात प्रत्येकी चार ते नऊ फूट अंतर. उपयोगी नियम आहे. पण दोन्ही आराखड्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की स्वयंपाक एकच बाई करते. आमच्याकडे आई पोळ्या लाटते, वहिनी भाजी टाकते आणि मावशी भांडी घासायला येतात. म्हणजे घ्यायची ती मोजण्याची सवय घ्या, त्यांचं चित्र कशाला उचलता?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा. दादा म्हणतो, "अरे, बंद खोलीत आई एकटी पडते. सगळे बाहेर गप्पा मारतात, ती आत घाम पुसत पोळ्या करते. भिंत गेली तर ती आपल्यात येईल." हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यातलं दुःख खरं आहे. पण भिंत गेल्यावर नेमकं काय होईल? सगळे बसलेले असतील आणि आई उभीच असेल. फरक एवढाच की आता ती उभी आहे हे सगळ्यांना दिसेल. वर पसारा दिसू नये म्हणून ओटा चोवीस तास चकाचक ठेवायचं काम वाढेल, तेही तिलाच. ती शेवटी जेवते याचं कारण भिंत नाही. आपल्याला तव्यावरची गरम पोळी थेट ताटात पाहिजे, हे कारण आहे. तेव्हा आधी तो हट्ट पाडा. पोळ्या करून डब्यात ठेवा आणि सगळे एकदम बसा. खर्च शून्य, धूळ शून्य.

त्या कोटेशनच्या पाव पैशात काय काय होईल ते सांगतो. आईची उंची चार फूट अकरा इंच. ओटा कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावा, म्हणजे तिच्यासाठी साधारण बत्तीस इंच. मॉड्युलरवाले चौतीस-छत्तीस इंच देतात आणि मग खांदे धरतात. सिंकचा तळ आठ इंच खोल असतो, म्हणून सिंकची कड थोडी उंच घ्या. दिवा पाठीमागे असेल तर चिरताना स्वतःचीच सावली विळीवर पडते, म्हणून ओट्याच्या वरच्या कपाटाखाली दिवा. एक्झॉस्ट फॅन उघड्या खिडकीला चिकटून नको, नाहीतर तो खिडकीतलीच हवा ओढतो. हवा समोरच्या बाजूने आत यावी आणि शेगडीवरून बाहेर जावी. सिलिंडरजवळ जमिनीलगत जाळी ठेवा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. आठ फूट रुंदीत दोन्हीकडे दोन फुटी ओटे केले तर मध्ये चार फूट राहतात, तेवढ्यात दोन माणसं पाठीला पाठ लावून काम करू शकतात. मोरी अर्धी ठेवा. भाजी निवडायला बसायची एक जागा करा, गुडघे सगळ्यांनाच असतात. आणि बोलणं ऐकू यावं, वाटी-पातेलं देता यावं म्हणून त्याच भिंतीत तीन फुटांची एक खिडकी काढा. वर व्यवस्थित लिंटेल घालून, इंजिनियरला विचारून. खिडकीला झडप लावा, फोडणीच्या वेळी बंद करता येते.

आमच्या प्रोजेक्टवर युजरला न विचारता डिझाइन फायनल केलं तर बोलणी खावी लागतात. घरात मात्र ज्या बाईने त्या खोलीत चाळीस वर्षं काढली तिला आपण फक्त टाइल्सचा रंग विचारतो. दादा, उलटं करू. सात दिवस तू आणि मी सकाळ-संध्याकाळ आत उभे राहू. पोळ्या आपण लाटू, भांडी आपण लावू, कुठे वाकावं लागतं, कुठे आडवं येतं ते वहीत लिहू. त्यानंतरही तुला भिंतच नडते असं वाटलं तर इंजिनियरला बोलावू आणि खरा खर्च काढू. तोपर्यंत अॅडव्हान्सचा चेक देऊ नकोस.