हसावे कोणाला?

'अ रन फॉर युअर मनी' हा ईलिंग स्टुडिओचा १९४९ सालचा विनोदी चित्रपट. दिग्दर्शक चार्ल्स फ्रेंड. निमित्त रग्बीच्या सामन्याचे असले, तरी पडद्यावर मैदानापेक्षा लंडनचे रस्तेच जास्त दिसतात. वेल्समधील कोळशाच्या खाणीत काम करणारे डाय आणि टुम हे दोघे भाऊ एका वृत्तपत्राची स्पर्धा जिंकतात. बक्षीस म्हणजे प्रत्येकी १०० पौंड आणि ट्विकनहॅमवरील इंग्लंड-वेल्स सामन्याची तिकिटे. लंडनला पोहोचतात आणि त्यांची चुकामूक होते. पुढे सगळा गोंधळ.

खेड्यातला साधा माणूस शहरात गोंधळतो, या विनोदात नवे काही नाही. पण येथे फजिती एकट्या खेडवळांची होत नाही. त्यांना सांभाळायला नेमलेला, बागकामावर लिहिणारा पत्रकार (अ‍ॅलेक गिनेस) स्वतःच रडकुंडीला येतो. डायच्या पैशांवर डोळा ठेवणारी जो त्याच्या सरळपणापुढे डळमळते. हार्प, समूहगान आणि पिणे म्हणजेच वेल्स, असे ठरीव चित्रही या चित्रपटात आहे आणि ते खटकते. तरीही हे दोघे भाऊ आपली बोली आणि आपले गाणे कोठेही लपवत नाहीत, हे मला मोलाचे वाटते.

रग्बीचा इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडमध्ये हा खेळ मुख्यतः श्रीमंतांच्या शाळांतून वाढला, तर दक्षिण वेल्समध्ये तो खाणकामगारांनी आपलासा केला. मैदानावर मात्र दोघांना नियम एकच.

आपल्या शाळेत अनेक राज्यांतून मुले येतात. नवा कॅडेट आपल्या गावच्या वळणाने हिंदी किंवा इंग्रजी बोलला, की मेसमध्ये त्याची नक्कल होते. आपण म्हणतो, 'चेष्टाच तर होती!' पण त्यानंतर तो मुलगा वर्गात उत्तर माहीत असूनही हात वर करत नाही, हे आपल्या लक्षात येत नाही. माझ्या मते ही चेष्टा सीनियर कॅडेटांनीच थांबवावी. शिक्षकांनी सांगण्याची वाट पाहू नये.

स्क्रममध्ये आठ जण एकमेकांना घट्ट धरून रेटतात. तेथे शेजाऱ्याचे उच्चार कोणी तपासत नाही. त्याने जागा सोडू नये, एवढेच हवे असते. मेसमध्येही तेवढेच पुरे.