सरदारगृहाचे मोल

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटनजीक असलेले सरदारगृह हे एकेकाळी प्रवाशांच्या मुक्कामाचे ठिकाण. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांनी येथेच देह ठेवला आणि गिरगाव चौपाटीपर्यंत जनसागर लोटला. ओतीव लोखंडी सांगाड्याच्या वॉटसन हॉटेलात १८९६ साली भारतातील चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्या वास्तूची अभ्यासक काळजी वाहतात, ते योग्यच. सरदारगृहाचे मोल मात्र रचनेपेक्षा तेथे घडलेल्या इतिहासात आहे. पुनर्विकासाच्या लाटेत जुन्या इमारती भुईसपाट होत आहेत. रहिवाशांना सुरक्षित छप्पर मिळालेच पाहिजे. परंतु लोकमान्यांची खोली मूळ जागी, मूळ रूपात टिकावी. केवळ फलकाने स्मृती जपली जात नाही. त्यासाठी वास्तूच उभी असावी लागते.