नाकाला सवय होते!



आम्ही डोंबिवलीकर वासाला सरावलेले. एमआयडीसीकडून वारा आला की खिडक्या लावायच्या नि पुढच्या कामाला लागायचं! गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी उग्र वास आला, तेव्हाही मी सवयीने खिडक्याच लावून घेतल्या. तासाभराने ठाण्याहून नणंदबाई आल्या आणि दारातच थबकल्या. "वहिनी, अहो, गॅस गळतोय!" शेगडीची जुनी रबरी नळी चिरली होती. मला मात्र तोवर वासच येईनासा झाला होता.

नळाने येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. पण नाक लवकर थकतं, तिथेच घात होतो.

न थकणारं नाक म्हणजे लेसरचं यंत्र. अनेक वायू डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांपैकी ठराविकच किरण शोषतात. विविधभारती लावताना आपण रेडिओचं बटण हळूहळू फिरवतो ना, तसा हा लेसर मिथेनच्या किरणावर, म्हणजे सुमारे १.६५ मायक्रॉनवर, नेमका लावतात. किरण भिंतीवर आपटून परत येतो. वाटेत मिथेन असेल तर तो मंद होतो. पाइपाला हात न लावता दुरून गळती सापडते! २०१२ साली मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीतही असाच लेसर आहे. त्याने तिथे अब्जात काही भाग इतका अल्प मिथेन टिपला.

आपल्या घरी कुठलं आलंय असलं यंत्र? म्हणून एवढं पाळाच:

वास आला तर आधी गॅसचा कॉक बंद करा. दारं-खिडक्या सताड उघडा. मिथेन हलका, वर चढतो. सिलिंडरचा गॅस जड, जमिनीलगत साठतो. दिव्याचं, पंख्याचं बटण चालूही करू नका नि बंदही करू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि मगच फोन करा. सिलिंडरसाठी १९०६, नळाच्या गॅसचा तातडीचा नंबर बिलावरून आजच दाराजवळ लिहून ठेवा. एरवी सांध्यांना साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडे आले तर गळती समजा.

आणि हो, बाहेरून आलेलं माणूस "वास येतोय" म्हणालं, तर वाद घालू नका. त्याचं नाक ताजं असतं!